लिलावातली बीएसए

दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम-२० मोटरसायकली ब्रिटनमधल्या लिलावांत आजही विकायला येतात. सुट्टीत बाबांनी मला अशाच एका लिलावाचा कॅटलॉग दाखवला. खाकी टाकीवर 'सी'ने सुरू होणारा पांढरा लष्करी नंबर होता. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळची बंदुका बनवणारी कंपनी. तिच्या चिन्हातही तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या आहेत! इंजिन ४९६ सीसीचे, साइड व्हॉल्व्ह. वेग बेताचाच, पण रस्त्याच्या कडेला उघडून दुरुस्त करता येई. युद्धासाठी अशा सव्वा लाख गाड्या बनल्या.

लिलावात फ्रेमचा आणि इंजिनचा नंबर जुन्या नोंदीशी जुळला, की बोली चढते. त्या गाडीचे दोन्ही नंबर छापले होते. चालवणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नव्हते.

माझे पणजोबा सिग्नल्समध्ये डिस्पॅच रायडर होते. इटलीत होते, एवढेच घरात माहीत आहे. त्यांचा एकच फोटो आहे आणि त्यात ते खुर्चीवर बसले आहेत! गाडी कोणती होती, कोणालाच ठाऊक नाही. आजीने ट्रंकेतून त्यांचा डिस्चार्जचा कागद शोधून दिला. घडीवर फाटला आहे, पण सर्व्हिस नंबर वाचता येतो. रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचे पत्र मी लिहून ठेवले आहे. बाबा सही करणार आहेत.