चिलापी कधी आली?

मंडळी, मागच्या शनिवारी लॅपटॉप न घेता शिरूरला गेलो. (हो, खरंच!) आईला घेऊन दौंडला जायचं होतं, मामांचं वर्षश्राद्ध होतं. न्हावरा, भीमेवरचा पूल, चौफुला, दौंड. पूल आला की आई नेहमीसारखी काच खाली करते आणि मी नेहमीसारखा एसीबद्दल कुरकुरतो. असो.

मामा रेल्वेत होते. दौंड जंक्शनला उभं आयुष्य गेलं. बाकी दौंडकर रविवारी मटण आणायचे, मामा मासे. आणून झाले की एका जाड वहीत लिहायचे. तारीख, कुठला मासा, केवढा, कोणी धरला, भाव काय. मी कॉलेजात असताना विचारलं होतं, "मामा, हे कशाला लिहिता?" म्हणाले, "गाडी आली की रजिस्टरला नोंद लागते. माशानं काय पाप केलंय?"

आता वहीचं सांगतोच, पण आधी एक गोष्ट.

२२ डिसेंबर १९३८. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात एक मासेमारी बोट आली. तिथल्या छोट्या म्युझियममध्ये मार्जरी कोर्टने-लॅटिमर नावाची तरुणी काम करायची. बोटीवाले वेगळं काही मिळालं की तिला निरोप द्यायचे. त्या दिवशी ढिगात तिला दीडेक मीटर लांबीचा निळसर मासा दिसला. त्याचे पर हातापायांसारखे मांसल होते. तो निघाला सीलाकांथ! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला म्हणून शास्त्रज्ञ ज्याला फक्त दगडातल्या ठशांवरून ओळखत होते, तो. आणि सापडला कुठे, तर किनाऱ्याजवळ, साधारण सत्तर मीटर खोल पाण्यात. भूगोलाच्या पुस्तकातली 'समुद्रबूड जमीन' आठवते? तीच. जगातली बरीचशी मासेमारी जिथे चालते तो भाग.

पुढचा किस्सा मला जास्त आवडतो. १९९७ साली इंडोनेशियात मनाडोच्या बाजारात मार्क एर्डमन हा शास्त्रज्ञ आणि त्याची बायको अर्नाझ फिरत होते. तिला हातगाडीवर एक विचित्र मासा दिसला. फोटो काढला, मासा मात्र विकला गेला! पुढचा मिळायला १९९८ उजाडलं, आणि १९९९मध्ये ती वेगळी जात म्हणून जाहीर झाली. तिथले कोळी त्याला आधीपासून ओळखत होते. त्यांच्या भाषेत नावही होतं, 'राजा लाउत', समुद्राचा राजा. म्हणजे 'नवी' जात बहुतेक वेळा वहीला नवी असते, जाळ्याला नाही.

लांब कशाला, आपलंच बघा. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, समुद्रबूड जमिनीवरच, एक बुडालेलं प्रवाळबेट आहे. अंग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांवरून. उत्तर-दक्षिण ४० किलोमीटर, रुंदी १५, आणि माथा पाण्याखाली फक्त वीसेक मीटर. कोकणच्या किनाऱ्यावरचं पाणी गढूळ, पण इतकं आत ते स्वच्छ असतं, ऊन खालपर्यंत पोचतं, म्हणून प्रवाळ वाढतं. हिमयुगात, वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. म्हणजे हा सगळा माथा तेव्हा उघडा डोंगर! नाव नकाशावर जुनं, पण तिथं राहतं कोण याची नीट मोजणी करायला २०१९च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची मोहीम गेली. कान्होजींना जाऊन तोवर २९० वर्षं झाली होती.

आता वही.

जेवणं उरकल्यावर मामांचे एक दोस्त आले. भीमेवर जाळं टाकण्यात हयात गेलेली. मला म्हणाले, "भाचेसाहेब, मामांची वही कुठंय? कालेजची एक पोरगी आलती. नदीत आधी कोणचे मासं व्हते, चिलापी कधी आली, इचारत व्हती. म्हनलं, साहेबांच्या वहीत समदं घावंल."

माझ्या पोटात गोळा आला. मागच्या वर्षी मामींचं घर आवरायला मीच आलो होतो. एका दिवसात उरकायचं होतं, संध्याकाळी कॉल होता. वह्यांचा गठ्ठा उघडूनही न बघता रद्दीत घातला. किलोवर. पैसेही मीच मोजून घेतले.

चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली. उजनी धरण १९८०ला पूर्ण झालं, आणि आज भिगवणच्या बाजारात पाहाल तर चिलापीच चिलापी. पण दौंडजवळ ती पहिल्यांदा कोणत्या रविवारी आली, मरळ आणि वाम कधीपासून कमी झाले, हे एका वहीत होतं. ऑफिसात मी ज्युनिअर पोरांना लॉग डिलीट केला म्हणून झापतो. जुनी आवृत्तीच नसेल तर बदल कशाशी ताडून बघणार?

मी खरं काय ते सांगून टाकलं. मामी काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हातारबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. माज्या ध्यानात हाय थोडंफार. लिवा."

मोबाईल काढला. मग मामींनी कुठूनशी एक कोरी वही आणून पुढ्यात ठेवली. दोन तास लिहीत होतो. वाम, मरळ, शिंगटा, गुगळी... कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात. चिलापी कधी आली? "माज्या थोरलीचं लगीन झालं त्या साली. पंगतीला तीच व्हती, पाव्हणं इचारत व्हतं ह्यो कोनचा मासा."

"साल कोणतं?"

"ते काय आता आठवत न्हाई."

"लग्नपत्रिका असेल का घरात?"

ते हसले. म्हणाले, ट्रंकेत बघाया लागंल.

येत्या रविवारी पुन्हा दौंडला जातोय. आणि हो, तुमच्या घरी कोणी आवरायला काढलं असेल, तर रद्दीवाल्याला फोन करण्याआधी गठ्ठा एकदा सोडून बघा.