गोंडपिपरीहून ग्रिदानियाला

दोस्तांनो, आमच्या गोंडपिपरीतून कुठं जायचं म्हटलं की आधी एसटी स्टँडवर उभं राहावं लागतं. एका दिशेला बल्लारपूर-चंद्रपूर, दुसऱ्या दिशेला आष्टी-आलापल्ली. सोबत डबा, पाण्याची बाटली आणि भरपूर धीर लागतो. पण परवा मी जो प्रवास केला, त्याला ना तिकीट लागलं ना डबा! रात्री नऊ वाजता भाचीच्या लॅपटॉपसमोर मांडी घालून बसलो आणि थोड्या वेळानं थेट ग्रिदानियाला पोचलो.

नकाशात शोधू नका बरं का, सापडायचं नाही. हे गाव आहे 'फायनल फँटसी १४' या जपानी खेळातलं. जगभरची हजारो माणसं इंटरनेटवरून एकाच वेळी या खेळात शिरतात. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, आपल्या झाडीपट्टीच्या दंडारीत घेतात तसं. कुणी भालाईत होतो, कुणी वैद्य. मी झालो तिरंदाज.

खेळ इंग्रजीतही मिळतो. पण नववीतली आमची भाची हट्टी. "मामा, जपान्यांच्यात जायचं तर जपानीच पाहिजे!" मी म्हटलं, बरं बाई. आणि तिथंच फसलो.

गाडीत बसून आमची स्वारी एका दाट जंगलात शिरली. उंचच उंच झाडं, फांद्यांतून झिरपणारं ऊन, फिरणारी पाणचक्की, लाकडी पूल. मला तर आलापल्लीच्या रस्त्याचीच आठवण झाली! फक्त सागाचं झाड कुठं दिसेना. खेळातल्या कथेप्रमाणे या रानात आत्मे राहतात आणि त्यांची संमती असेल तरच माणसांना तिथं राहता येतं. हे वाचून शहरातल्या मुलांना गंमत वाटेल. आमच्याकडच्या मुलांना त्यात नवल वाटणार नाही. रानात शिरताना हात जोडणारी आजी त्यांनी घरातच पाहिलेली असते.

गाव सुंदर, पण मला एक अक्षर वाचता येईना. समोर एक बाई आली, काहीतरी बोलली. खाली भलीमोठी चौकट, तिच्यात चिमण्यांच्या पावलांसारखी अक्षरं. मी बटण दाबलं. पुन्हा चौकट, पुन्हा बटण. कशाकशाला 'हो' म्हणत गेलो, देव जाणे! मग बाई गप्प झाली आणि मी त्या हिरव्या गल्ल्यांमध्ये गोलगोल फिरत राहिलो.

खरं सांगू? माझ्या पोटात गोळा आला. असं मला पूर्वी एकदाच झालं होतं.

आमच्या घरी गोंडी बोलतात. पहिलीत गेलो तेव्हा मराठीचे दोन-चारच शब्द येत होते. गुरुजी काही विचारत, मी मान हलवून 'हो' म्हणे. सगळ्यालाच हो! मधल्या सुट्टीआधी मला फार तहान लागली. मी उठून म्हटलं, "येर." गोंडीत येर म्हणजे पाणी. वर्ग हसला. गुरुजींनी हातानं बसायची खूण केली, मी बसलो. अंगात चळवळ्या असलेला, मागच्या ओळीतला एक पोरगा तेवढा उठला. त्यानं माझा हात धरला आणि मला व्हरांड्यातल्या माठापाशी नेलं. तोंडानं एक शब्द बोलला नाही. तुमच्या वर्गातही असं कुणी असेल कदाचित, सगळ्याला मान हलवणारं.

असो. ग्रिदानियात परतू.

नवख्या खेळाडूच्या नावाशेजारी या खेळात एक कोवळं रोप दिसतं. जपानमध्ये नुकतीच गाडी शिकलेला माणूस पहिलं वर्षभर गाडीवर हिरव्या-पिवळ्या पानाची खूण लावतो. १९७२ सालापासून तिथं ही पद्धत आहे. त्याला म्हणतात 'वाकाबा', म्हणजे कोवळी पालवी. खेळातलं रोपही तसंच. 'हा नवा आहे, सांभाळून घ्या' असं न बोलता सांगणारं.

माझं रोप बघून एक बुटका थांबला. गुडघ्याएवढा, मोठ्या डोळ्यांचा. या जातीला 'लालाफेल' म्हणतात. त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला, हातानं बोलावलं आणि पळत सुटला. दहा पावलं जाऊन मागं वळे, मी आलो की पुन्हा पळे. असं करत त्यानं मला एका प्रचंड निळ्या स्फटिकापाशी नेलं आणि तिथून तिरंदाजांच्या शाळेत. त्याच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्र उलटली असणार, कारण जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे.

या खेळात एक झकास सोय आहे. ठरावीक वाक्यांची एक यादी असते. तिच्यातून मी वाक्य निवडलं की समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसतं. जपानी, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा चार भाषा. मराठी नाही, गोंडी तर नाहीच. अशी युक्ती सेगा कंपनीनं २००० सालीच 'फँटसी स्टार ऑनलाइन' या खेळात केली होती.

आईबाबांसाठी चार शब्द. खेळाची चाचणी-आवृत्ती फुकट आहे, तिला मुदत नाही, सत्तराव्या पातळीपर्यंत खेळता येतं. फुकट्या खेळाडूला सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडता मात्र येत नाही. (ही सोय घरातही हवी होती!) एकदा पूर्ण खेळ विकत घेतला की दरमहा पैसे लागतात आणि फुकटात परतता येत नाही. अमेरिकेत त्यावर तेरा वर्षांपुढच्या मुलांसाठी असा शिक्का आहे. तेव्हा लहानग्यांनो, घाई नको.

आता बाहेर कसं पडायचं? तेही जपानीतच! इथं भाची कामाला आली. तिनं वहीत तक्ता काढून जपानी अक्षरं घोकली आहेत. तक्त्याची सुरुवात ऐका: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतं ना? हा क्रम आपल्या वर्णमालेवरूनच गेलाय. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांची लिपी शिकत, त्यातून तो जपानात रुजला. अवघड आहे ती चित्रलिपी, कांजी. तिथल्या मुलांना प्राथमिक शाळेतच १०२६ कांजी शिकाव्या लागतात. पण परक्या शब्दांसाठी काताकाना नावाची सोपी लिपी आहे, आणि खेळात परके शब्द पुष्कळ.

भाची बोट ठेवून वाचू लागली. "आ-इ-ते-मु." मी म्हटलं, "आयटम!" "कु-ए-सु-तो." "क्वेस्ट! म्हणजे कामगिरी!" मघाशी चिमण्यांची पावलं होती, ती आता बोलायला लागली. शेवटी एका ओळीवर ती थांबली. "रो-गु-आ-उ-तो..."

"लॉगआउट!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. आतून ताईची हाक आली, "अगं, झोपा आता!"

भाची बटण दाबणार, तोच मी तिचा हात धरला. बुटका अजून समोरच उभा होता. माठापाशी नेणाऱ्या त्या पोराला मी तेव्हा काहीच म्हणालो नव्हतो. काय म्हणायचं असतं तेच ठाऊक नव्हतं. "यादी उघड," मी म्हटलं. भाचीनं ओळीमागून ओळ वाचत शोधलं, "आ-रि-गा-तो-उ." जपानीत धन्यवाद.

पाठवलं. बुटक्यानं जागच्या जागी एक उडी मारली.