शर्यतीला थांबायला शिकवणारे गाव

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीपासून काही मैलांवर, स्टुअर्ट नावाचे एक छोटे गाव आहे. वस्ती जेमतेम दीड हजारांच्या आत. मार्टिन्सव्हिल शहरातून ५८ क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेकडे निघाले की पन्नासेक किलोमीटरवर हे गाव लागते. समोर ब्लू रिज पर्वताची निळसर भिंत उभी असते आणि घाट चढण्यापूर्वीचा हा शेवटचा मुक्काम. गावात १८२२ साली बांधलेली, खांबांची दर्शनी ओसरी असलेली कोर्टाची इमारत आहे. घाटात थोडे वर गेले की 'लव्हर्स लीप' नावाची दरी पाहायची जागा आहे. महाबळेश्वर-माथेरानच्या 'पॉइंटां'ची सवय असलेल्या मराठी पर्यटकाला हे नाव मुळीच नवे वाटणार नाही!

गावाचे मूळ नाव टेलर्सव्हिल. याच परगण्यात जन्मलेल्या जे. ई. बी. स्टुअर्ट या यादवी युद्धातील दक्षिणेच्या घोडदळ सेनापतीवरून १८८४ मध्ये ते बदलण्यात आले. पण आज कुणी वाट वाकडी करून येथे येतो तो या सेनापतीसाठी क्वचितच. तो येतो वुड बंधूंची गॅरेज पाहायला. १९५० साली सुरू झालेला त्यांचा मोटार शर्यतींचा संघ अमेरिकेतील 'नॅसकार'च्या सर्वोच्च श्रेणीत सर्वांत दीर्घकाळ टिकून राहिलेला संघ आहे. एवढी वर्षे तो एकाच घराण्याच्या हाती राहिला, हे त्याहून विशेष.

नॅसकार म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही या डोंगरांमधून हातभट्टीची दारू रातोरात शहरात पोचवली जाई. पोलिसांना गुंगारा देण्यासाठी हे धंदेवाले साध्या दिसणाऱ्या मोटारींची इंजिने आतून जबरदस्त करून घेत. मग कुणाची गाडी जास्त पळते, याच्या पैजा सुरू झाल्या. अशा पैजांना शिस्त लावण्यासाठी १९४८ मध्ये बिल फ्रान्स यांनी नॅसकार ही संस्था उभी केली. दुकानातून विकत घेतलेल्या गाडीसारखीच दिसणारी ही शर्यतीची गाडी, म्हणून तिचे नाव 'स्टॉक कार'. पुढे १९९५ पासून ट्रकच्याही शर्यती सुरू झाल्या. ट्रक म्हणजे आपल्याकडे ऊस किंवा सिमेंट वाहणारे धूड नव्हे; अमेरिकन शेतकऱ्याच्या दारात उभी असणारी, मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी.

पन्नास डॉलरची गाडी

स्टुअर्टच्या आसपासच्या डोंगरात वॉल्टर वुड शेती करत आणि मोटारी दुरुस्त करत. त्यांना पाच मुलगे : ग्लेन, लेनर्ड, डेलानो, क्ले आणि रे ली. वॉल्टर यांच्या गॅरेजपाशी बीच जातीचा एक मोठा वृक्ष होता. इंजिन बाहेर काढायचे झाले की त्याच्या फांदीला साखळी बांधायची आणि इंजिन वर ओढून घ्यायचे. वेगळी क्रेन घेण्याची ऐपत नव्हती आणि झाड असताना गरजही नव्हती.

थोरला ग्लेन १९२५ चा. तो सॉ मिल चालवत असे. आडनाव 'वुड' म्हणजे लाकूड आणि धंदाही लाकडाचाच, त्यामुळे शर्यतीच्या मैदानावर त्याला 'लाकूडतोड्या' अशा अर्थाचे टोपणनाव पडले. शेजारच्या फ्लॉइड परगण्यातला कर्टिस टर्नर हाही लाकडाचा व्यापारी आणि त्या काळातला नावाजलेला ड्रायव्हर. त्याला पाहून ग्लेनच्याही मनात आले, की हा करतो तर आपण का नाही? १९५० मध्ये एका मित्राच्या भागीदारीत ग्लेनने १९३८ सालची एक जुनी फोर्ड पन्नास डॉलरला घेतली आणि शर्यतीत उतरवली.

पहिला दिवस काही शुभ नव्हता. मैदानावर दुसऱ्या गाडीची धडक बसून मागचा भाग वाकला. घरी ओढून नेताना तो तुटला, पेट्रोल सांडले, ठिणग्या उडाल्या आणि गाडीने पेट घेतला. एखाद्याने हा उद्योग तिथेच सोडून दिला असता. वुड बंधूंनी गाडी विझवली, घरी नेली आणि दुरुस्त केली.

भावाभावांत कामाची वाटणी आपसूक झाली. ग्लेन गाडी चालवी. त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेला लेनर्ड इंजिन पाही. डेलानोच्या हाती जॅक असे. ही सारी मंडळी दिवसा आपापली कामे करत आणि गाडीचे काम रात्री. ग्लेनच्या पत्नी बर्नीस हिशेब ठेवत. घरखर्चाची वही आणि शर्यतीची वही एकाच हाताने लिहिली जात होती. हा संघ उधळपट्टीत बुडाला नाही, याचे श्रेय त्यांच्याकडेही जाते. पण ट्रॉफी देताना हिशेबनिसाला व्यासपीठावर कोण बोलावतो?

१९६० मध्ये ग्लेनने विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमवर सर्वोच्च श्रेणीतली पहिली शर्यत जिंकली. फुटबॉलच्या मैदानाभोवती आखलेला हा पाव मैलाचा मार्ग. तेथे तो आपल्या अंगणात फिरावे तसा गाडी फिरवी. सर्वोच्च श्रेणीतील त्याचे चारही विजय याच मैदानावरचे. मोठ्या मार्गांवर मात्र इतरांना बसवणे बरे, हे त्याने वेळीच ओळखले.

सेकंदांचा हिशेब

त्या काळी शर्यतीत पेट्रोल भरायला किंवा टायर बदलायला गाडी बाजूला आली की सगळे काम निवांत चाले. ड्रायव्हर खाली उतरून सिगारेट ओढून घेई, असे जुने लोक सांगतात. मिनिटभर वेळ गेला तरी कुणाला खंत नसे. वुड बंधूंना मात्र ही उधळपट्टी वाटली. हिशेब सोपा होता. ताशी २५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे ७० मीटर पुढे जाते. थांबण्याचे दहा सेकंद वाचवले तर ड्रायव्हरने काहीही न करता गाडी ७०० मीटर पुढे! तेवढेच अंतर इंजिनाच्या जोरावर मिळवायचे तर किती पैसा ओतावा लागेल?

मग सराव सुरू झाला. कुणी कुठे उभे राहायचे, कोणत्या हातात काय धरायचे, गाडीला कोणत्या बाजूने वळसा घालायचा, हे ठरवले गेले. गाडी उचलायला जॅकचा दांडा पुनःपुन्हा मारावा लागे. लेनर्डने त्यात फेरफार करून दोन-चार झटक्यांत गाडी उचलली जाईल, असे केले. पेट्रोल लवकर आत कसे जाईल, याचाही त्याने विचार केला. पाच भाऊ लहानपणापासून एकत्र काम केलेले; एकाने हात पुढे केला की दुसऱ्याला पाना कोणता हवा ते न सांगता कळे. हे भाड्याने आणलेल्या माणसांना लवकर जमण्यासारखे नव्हते. आज चारही टायर बदलून गाडी दहा सेकंदांच्या आसपास पुन्हा मार्गावर येते, त्या कसरतीची मुळे स्टुअर्टच्या या गॅरेजमध्ये आहेत.

याची ख्याती डोंगराबाहेर पोचली. १९६५ मध्ये इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत इंग्लंडच्या लोटस कंपनीची फोर्ड इंजिनाची गाडी उतरणार होती. ड्रायव्हर होता स्कॉटलंडचा जिम क्लार्क. फोर्डने थांब्यांच्या कामासाठी वुड बंधूंना बोलावले. गाडी अनोळखी, ड्रायव्हर परदेशी, शर्यतीचा प्रकारही निराळा. या मंडळींनी पेट्रोलची टाकी आणि नळी अगोदर बारकाईने तपासून, घासूनपुसून ठेवली. शर्यतीत दोन्ही थांबे मिळून पाऊण मिनिटही लागले नाही. २०० पैकी १९० फेऱ्यांत आघाडीवर राहून क्लार्क जिंकला. मागे इंजिन असलेल्या गाडीने ही शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

त्याआधीची, १९६३ ची हकीकत तर कादंबरीत शोभावी अशी. वुड बंधूंचा ड्रायव्हर मार्विन पँच डेटोनाला दुसऱ्याच एका गाडीची चाचणी घेत असताना ती उलटून पेटली. धावत जाऊन ज्यांनी त्याला बाहेर ओढले, त्यांत टायनी लुंड हा ड्रायव्हर होता. टायनी म्हणजे इवलासा. प्रत्यक्षात हा गडी सव्वाशे किलोच्या आसपास! त्याच्याकडे त्या वेळी चालवायला गाडी नव्हती. रुग्णालयातल्या खाटेवरून पँचने वुड बंधूंना सांगितले, माझी गाडी याला द्या. डेटोना ५०० म्हणजे या खेळातली सर्वांत मानाची शर्यत, सुमारे ८०० किलोमीटरची. लुंडने ती टायर न बदलता पुरी केली. शेवटी आघाडीच्या इतर गाड्यांना पेट्रोलसाठी थांबावे लागले. वुड बंधूंची गाडी एकदा कमी थांबली आणि जिंकली. पँचला वाचवल्याबद्दल लुंडला पुढे कार्नेगी शौर्यपदक मिळाले.

सत्तरच्या दशकात डेव्हिड पिअर्सनने या घराची गाडी चालवली आणि तो काळ त्यांचा सुवर्णकाळ ठरला. वर्षभराच्या सगळ्या शर्यती धावणे परवडत नसे, म्हणून ते मोठ्या निवडक शर्यतींतच उतरत. १९७३ मध्ये १८ शर्यतींपैकी ११ पिअर्सनने जिंकल्या. १९७६ च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या वळणावर तो आणि रिचर्ड पेटी एकमेकांवर आदळले. दोन्ही गाड्या मोडल्या, पेटीचे इंजिन बंद पडले. पिअर्सनने मात्र क्लच दाबून धरला होता, त्यामुळे त्याचे इंजिन चालू राहिले. सायकलस्वारानेही मागे टाकावे अशा गतीने त्याने ती मोडकी गाडी अंतिम रेषेपार नेली.

एकूण ४३ विजय मिळवून देणारी ही जोडी तुटली तीही एका थांब्यामुळेच. १९७९ मध्ये डार्लिंग्टनला पिअर्सनला वाटले, दोनच टायर बदलायचे आहेत. माणसे चार बदलत होती. नट आवळण्याआधीच त्याने गाडी सोडली आणि थोड्याच अंतरावर डावीकडची दोन्ही चाके निखळली. जगाला थांबायला शिकवणाऱ्या घरात असे घडावे! काही दिवसांतच दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

शंभरावा विजय

पुढची वर्षे ओहोटीची होती. शर्यत हा कोट्यवधी डॉलरचा व्यवसाय झाला. एकेका मालकाकडे चार-चार गाड्या, शेकडो कामगार, संगणक. वुड बंधूंची एकच गाडी, २१ क्रमांकाची. ग्लेन यांचे मुलगे एडी आणि लेन, मुलगी किम यांनी कारभार हाती घेतला. कुशल कामगार, पुरवठादार, सारे नॉर्थ कॅरोलायनात शार्लटच्या आसपास एकवटलेले. अखेर २००० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीला संघाला स्टुअर्ट सोडून तिकडे बिऱ्हाड हलवावे लागले. २००६ मध्ये भागीदारीत ट्रकच्या शर्यतीही करून पाहिल्या. ऑस्ट्रेलियाचा मार्कोस अँब्रोस त्यांचा ट्रक चालवी. पण मुख्य गाडीला यश येईना. २००८ च्या डेटोना ५०० मध्ये तर पात्रताच मिळाली नाही आणि २००९ पासून संघ वर्षातल्या मोजक्याच शर्यती धावू लागला.

स्टुअर्टचेही दिवस फिरले होते. या भागातल्या कापड आणि फर्निचरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. २०१७ मध्ये परगण्याचे एकमेव रुग्णालयही बंद झाले. जुने वर्कशॉप मात्र वुड कुटुंबाने विकले नाही. तेथे संग्रहालय आहे. जुन्या गाड्या, ट्रॉफ्या आणि लेनर्ड यांनी पोरवयात धुलाई यंत्राचे इंजिन बसवून केलेली छोटी गाडी तेथे पाहायला मिळते. निवृत्तीनंतर लेनर्ड याच इमारतीत भंगारातले धातूचे तुकडे कापून, घासून चिमुकली, खरोखर चालणारी इंजिने बनवत बसत.

२०११ मध्ये अचानक एक चमत्कार घडला. ट्रेव्हर बेन नावाचा पोरगा, वाढदिवस होऊन एकच दिवस झालेला, वय वर्षे वीस. सर्वोच्च श्रेणीतली त्याची ही दुसरीच शर्यत. पिअर्सनच्या काळातल्या लाल-पांढऱ्या रंगात रंगवलेली २१ क्रमांकाची गाडी घेऊन तो उतरला आणि डेटोना ५०० जिंकून गेला. ग्लेन तेव्हा ८५ वर्षांचे होते. पुढे २०१७ मध्ये रायन ब्लेनीने पोकोनो येथे संघाचा ९९ वा विजय मिळवून दिला.

आणि मग शंभरावा येईचना. २०१९ च्या जानेवारीत ग्लेन वुड ९३ व्या वर्षी गेले. ड्रायव्हर बदलले, नातू जॉन वुड, जो स्वतः ट्रकच्या शर्यती धावलेला, कारभारात आला. सात वर्षे ९९ चा आकडा हलला नाही. २०२४ मध्ये गाडीवर हॅरिसन बर्टन होता. गुणतक्त्यात ३४ वा. पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर येणार, हेही जाहीर झालेले. २४ ऑगस्टला डेटोनाच्या ४०० मैलांच्या शर्यतीत, जादा फेऱ्यांपर्यंत ताणलेल्या शेवटात, त्याने सर्वांना मागे टाकले. दूरचित्रवाणीवर समालोचन करत होते त्याचेच वडील, माजी ड्रायव्हर जेफ बर्टन. काम सोडून जाणाऱ्या मुलाने शंभरावा विजय घराला दिला, तेव्हा लेनर्ड वुड यांना नव्वदी गाठायला महिनाही उरला नव्हता.

पुढच्या मार्चमध्ये, २०२५ साली, बर्टनच्या जागी आलेल्या जॉश बेरीने लास वेगासला १०१ वा विजय मिळवला.