भरवशाची म्हैस

आपल्या बहुतेक म्हणींची निपज शेतात आणि गोठ्यात झाली आहे. त्यांतलीच ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही एक मला फार आवडते. तिच्यात निराशा आहे, पण म्हशीवर राग नाही. टोणगा झाला यात बिचारीचा काय अपराध? साऱ्या म्हणीचे मर्म ‘भरवशाच्या’ या एका विशेषणात आहे. जिचा कोणी भरवसा धरलेलाच नव्हता अशा म्हशीला टोणगा झाला असता, तर म्हण रचण्याच्या भानगडीत कोणी पडले नसते.

ही म्हण मला अलीकडे एका अमेरिकन मालमोटारीच्या संबंधाने वारंवार आठवली. मोटारींशी माझा संबंध आजवर आत बसण्यापुरता आणि उतरताना दार जरा जोराने लावून चालकाचा रोष ओढवून घेण्यापुरताच. सारे आयुष्य इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात गेले. इंजिनाची टोपी उघडली की आत जे काही दिसते ते मला ग्रीक भाषेइतकेच गहन वाटते. परंतु मागच्या वर्षी ऑक्टोबरपासून तीन महिने मी न्यू यॉर्क राज्यातील सिरॅक्यूस या गावी भाच्याकडे होतो, आणि त्या मुक्कामात त्याच्या गाडीने माझे बरेच शिक्षण केले.

त्याची गाडी पिकअप जातीची. म्हणजे पुढून मोटार आणि मागून उघडा हौदा. टोयोटा कंपनीची ‘टॅकोमा’, २००९ सालची. अमेरिकन माणसाचे पिकअपवरील प्रेम आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या बैलजोडीवरील प्रेमाच्या जातीचे आहे. तीत उपयोग आहेच, पण उपयोगापेक्षा मिरवणे थोडे अधिक आहे. सुताराला ती लागते हे मी समजू शकतो. ज्याने जन्मात खुर्चीखेरीज दुसरे काही उचलले नाही अशा वकिलालाही ती लागते, हे समजायला मला वेळ लागला. त्यातही टॅकोमाचा लौकिक काही वेगळाच. १९९५ साली ती बाजारात आली, आणि ‘ही मरत नाही’ अशी तिची कीर्ती अल्पावधीतच झाली. तिचे ते जुने चार आणि सहा सिलिंडरांचे इंजिन दोन-दोन, तीन-तीन लक्ष मैल कुरकुर न करता चालते, हे तिकडे लहान मुलालाही ठाऊक असते. जुन्या गाड्यांच्या बाजारात इतर वाहनांचे मोल वर्षागणिक कोसळते. टॅकोमाचे मात्र हट्टाने टिकून राहते.

एके रविवारी सकाळी हा भाचा, अंगात जुनी बंडी घालून, गाडीखाली उताणा पडलेला मला दिसला. हातात एक लहान हातोडी. तो गाडीच्या पोटावर ठिकठिकाणी ती हळूच मारी आणि कान देऊन ऐके. मी विचारले, “अरे, बिघडली की काय?” तो आतूनच म्हणाला, “नाही मामा, बिघडू नये म्हणून. जरा ऐका.” आणि त्याने पुन्हा हातोडी मारली. खण्ण असा स्वच्छ नाद उठला. मला एकदम आई आठवली. उन्हाळ्याच्या तोंडी कुंभारवाड्यात माठ घेताना ती दहा माठांना बोटाच्या पेरांनी टिचक्या मारी, आणि एखाद्याचा आवाज बद्द आला की कुंभाराने कितीही शपथा घेतल्या तरी तो माठ खाली ठेवी. डोळ्यांना न दिसणारी चीर तिच्या कानाला दिसत असे.

ज्याला तो वाजवून पाहत होता तो गाडीचा सांगाडा. आपले मेस्त्री ज्याला चासी म्हणतात तो. गाडीच्या लांबीइतक्या दोन पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, असे शिडीसारखे ते रूप असते. इंजिन, हौदा, चाके, आत बसलेली माणसे या सर्वांचा भार या शिडीवर. तिच्याकडे कोणी पाहत नाही. गाडी घेणारा रंग पाहतो, गाद्या दाबून पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. चिखलात वाकून पोट कोण पाहणार?

आणि टॅकोमाचा टोणगा नेमका तेथेच निघाला. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्ते गोठतात. सिरॅक्यूसला तर वर्षाकाठी सरासरीने शंभर इंचांहून अधिक बर्फ पडते. ते वितळावे म्हणून रस्त्यांवर दरसाल लक्षावधी टन मीठ पसरतात. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, हे आपण शाळेत शिकलेलेच असते. पण ते खारे पाणी चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला लागते. सांगाड्याच्या तुळया काही भागांत पेटीसारख्या बंद असतात. त्यांत पाणी, चिखल आणि मीठ साचून बसते, आणि वसंतऋतूत बाहेर ट्युलिप फुलत असताना आत पोलाद गंजत राहते. कोकणातल्या खिडक्यांचे गज ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे अधिक सांगायला नको. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे त्याचे पापुद्रे फुगून सुटत जातात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. सांगाड्यांवर गंजरोधक लेप पुरेसा नव्हता हे कंपनीलाच पुढे मान्य करावे लागले. इंजिन तीन लक्ष मैलांच्या तयारीचे, आणि ज्याच्यावर ते उभे त्या हाडांत मात्र भगदाडे! त्याच वर्षीच्या, त्याच कारखान्यातल्या गाड्या ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत मात्र धडधाकट राहिल्या, हे विशेष.

२००८ साली कंपनीने १९९५ ते २००० या सालांच्या टॅकोमांसाठी एक योजना जाहीर केली. सांगाड्याच्या गंजाची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढविली. आणि ज्याचा सांगाडा सडून भोके पडली असतील त्याची गाडी, ती वरून कितीही खिळखिळी असो, उत्तम स्थितीतल्या तशा गाडीच्या बाजारभावाच्या दीडपट किंमत देऊन विकत घेतली. यात औदार्य होते हे मी नाकारीत नाही. पण माझा धंदा शब्दांचा, आणि मला मौज वाटली ती नावाची. या योजनेला ‘सेफ्टी रिकॉल’ म्हटलेले नव्हते. तिचे नाव होते ‘कस्टमर सपोर्ट प्रोग्रॅम’, म्हणजे ग्राहकाला आधार! आधार तुटला होता गाडीचा, आणि मिळत होता ग्राहकाला. ‘रिकॉल’ या शब्दात एक कबुली असते: आम्ही दिलेली वस्तू धोक्याची आहे, ती परत आणा. तो शब्द उच्चारला की सरकारी दप्तरात नोंद होते, प्रत्येक मालकाला पत्र धाडावे लागते, दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते. ‘आधार’ या शब्दाला असले काही चिकटलेले नसते. एकाच दोषाला दोन नावे, आणि दोन नावांत कायद्याचे अंतर. आमच्या विद्यार्थ्यांना समानार्थी शब्दांतील सूक्ष्म भेद शिकविताना मी यापुढे हे उदाहरण देणार आहे.

तो कठोर शब्द पुढे आलाच. २००९ साली याच कंपनीच्या ‘टुंड्रा’ या थोरल्या पिकअपच्या सुमारे १ लक्ष १० हजार गाड्या, आणि २०१२ साली २००१ ते २००४ सालच्या सुमारे दीड लक्ष टॅकोमा रीतसर परत बोलाविल्या गेल्या. कारण ऐकायला किरकोळ: हौद्याखाली टांगलेले जादा चाक गंजलेल्या आधारासकट रस्त्यावर पडू शकते. पण वेगाने धावणाऱ्या गाडीतून मागच्या गाडीपुढे अचानक एक चाक येऊन पडणे म्हणजे काय, याची कल्पना पुणे-मुंबई रस्त्यावरून गेलेल्या कोणालाही करता येईल. या दोन्ही रिकॉलांत मुख्यतः मिठाची राज्येच धरली होती. अखेर नव्या पिढीच्या गाड्यांबद्दलही लोक न्यायालयात गेले, आणि २०१६ साली सुमारे १५ लक्ष वाहनांसंबंधी तडजोड झाली. तिचा अंदाजी खर्च ३४० कोटी डॉलरपर्यंत सांगितला गेला. सडलेला सांगाडा काढून नवा बसवायचा. हा खर्च एका गाडीमागे १५,००० डॉलरपर्यंत धरला होता. कंपनीने दोष मात्र कबूल केला नाही. तडजोडीत तो कोणीच करीत नसतो.

हा सारा इतिहास भाचा मला गाडीखालून सांगत होता, आणि सांगता सांगता लोकरीच्या चरबीपासून केलेले एक तेल तुळयांच्या आतल्या अंगास फवारीत होता. दर ऑक्टोबरात, बर्फ पडण्यापूर्वी, हे अभ्यंग ठरलेले. मी म्हटले, “इतका अविश्वास, तर मग ही गाडी घेतलीस कशाला?” तो म्हणाला, “अविश्वास आहे म्हणून तर ही टिकली. पहिला मालकही असाच खाली शिरत असे.”

पुढच्याच महिन्यात या शहाणपणाची परीक्षा झाली. भाच्याच्या ओळखीचा एक सांगलीकडचा मुलगा तेथे शिकत होता. बावीस वर्षांचा, हातात पैसा बेताचा, कामाची जागा दूर. त्याला एक जुनी पिकअप स्वस्तात मिळत होती. कोणत्या कंपनीची ते मी सांगत नाही, कारण तो मुद्दा नव्हे. विकणारा गृहस्थ मोठा गोड होता. त्याने कॉफी पाजली, इंजिन सुरू करून दाखविले, आणि “ही तुमच्या मुलांनाही पुरेल,” असे त्या अविवाहित मुलाला सांगितले. मुलगा हरखला. पैसे खिशात घेऊनच आला होता. भाचा मात्र कोट काढून बर्फाच्या चिखलात आडवा झाला. गाडीचे पोट ताज्या काळ्या रंगाने नव्यासारखे चकाकत होते. त्याने हातोडी मारली. या वेळी खण्ण झाले नाही. थप्प असा ओला आवाज आला, आणि तिसऱ्या घावाला हातोडीचे टोक आत शिरले.

त्या क्षणी विकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला असेल, असे वाचकांना वाटेल. तसे काही झाले नाही. “जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच,” इतकेच तो म्हणाला. पाहण्यासारखा झाला तो त्या मुलाचा चेहरा. त्याला राग आला होता, आणि तो आमच्यावर! परतताना बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, दोन वर्षे तरी चालली असती हो.” त्याच्या गरजेपुढे मला उत्तर सुचेना. भाच्याने एवढेच विचारले, “दोन वर्षांनी तू ती कोणाला विकली असतीस?”

हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नवी मोटार विकणाऱ्या दुकानदाराला रिकॉलची दुरुस्ती केल्यावाचून ती विकता येत नाही असा अमेरिकेचा कायदा आहे. जुन्या गाड्यांच्या दुकानदारावर मात्र देशभर लागू असे तसले बंधन नाही. फुकट दुरुस्तीचा हक्कही पंधरा वर्षांनी सरतो. वर सांगितलेल्या तडजोडीत हमी होती ती पहिल्या विक्रीपासून बारा वर्षांची. तिच्यातल्या शेवटच्या, म्हणजे २०१० सालच्या टॅकोमांची मुदतही २०२२च्या सुमारास संपली. गाड्या काही तेव्हा रस्त्यावरून नाहीशा झाल्या नाहीत. त्या तिसऱ्या-चौथ्या हातांत गेल्या आहेत, आणि हात जितका पुढचा तितका तो गरिबाचा. ज्याला नवी गाडी परवडते त्याला पत्र येते. ज्याला परवडत नाही त्याला काळा रंग मिळतो.

आपल्याकडे तर हा सगळा कायदाच कोवळा आहे. अमेरिकेत राल्फ नेडर यांच्या १९६५ सालच्या पुस्तकाने खळबळ उडविली आणि पुढच्याच वर्षी मोटार-सुरक्षेचा कायदा झाला. आपल्या कारखानदारांनी २०१२ साली स्वेच्छेने एक आचारसंहिता स्वीकारली; सरकारला सक्तीने गाडी परत बोलाविण्याचा अधिकार मिळाला तो २०१९च्या दुरुस्तीने, आणि त्याचे नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ पासून. तोही सात वर्षांच्या आतील वाहनांपुरता. पहाटे नारायणगावाहून टोमॅटो भरून निघालेल्या पिकअपचे वय काय असते, हे एकदा कोणी मोजावे.

टोयोटाविषयी माझ्या मनात किंतु आहे असे मात्र कोणी समजू नये. २०१७ साली तिने सुमारे २ लक्ष २८ हजार नव्या टॅकोमा मागल्या आसाजवळच्या तेलगळतीसाठी परत बोलाविल्या. २०२४ साली तर टुंड्राच्या आणि तिच्याच एका महागड्या भावंडाच्या मिळून सुमारे १ लक्ष २ हजार गाड्या इंजिनात कारखान्यातला धातूचा कीस राहिल्यामुळे. ज्या इंजिनाच्या नावाने शपथा घ्याव्यात त्याच इंजिनात! तरी मला वाटते, रिकॉलांची यादी लांबलचक दिसली म्हणून एखाद्या गाडीला नावे ठेवणे अन्यायाचे आहे. जिची यादी कोरी असते तिच्याकडे कोणी हातोडी घेऊन गेलेले नसते, एवढाच पुष्कळदा त्याचा अर्थ असतो.

त्या मुलाने शेवटी एक लहानशी जुनी मोटार घेतली. मी परत आल्यावर त्याचा फोन आला होता. आवाजात जुना राग नव्हता. उलट थोडी फुशारकी होती. “मामा, इंजिन जरा खोकतं सकाळी,” तो म्हणाला, “पण मी स्वतः खाली शिरून पाहिली. पाठ सगळी भिजली.”