शेवटचे वीस वडे

वडापाव न आवडणारा तुमच्यात कोणी आहे का? नसेलच! पण १५ रुपयांच्या वडापावातले किती रुपये गाडीवाल्या मावशींना उरतात, हे कधी विचारलंय?

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई एस. टी. स्टँडबाहेर वडापावची गाडी लावते. २०२४ साली नफा-तोट्याचा धडा आला, तेव्हा मी तिला विचारलं, "ताई, तुमच्या गाडीचा हिशेब फळ्यावर मांडू का?"

ती हसून म्हणाली, "मांडा की बाई. मलाबी कळंल, पैसा जातो कुठं ते!"

मुलांनी लिहिलं : वडापाव १००, गल्ल्यात आले १,५०० रुपये. "बापरे, केवढा फायदा!" वर्गात एकच गलका. मग खर्च मांडला. पाव ३००, तेल २२०, बेसन २००, बटाटे १८०, गॅस १३०, मिरची-लसूण-कोथिंबीर १२०, कागद आणि जागेची पावती ५०. एकूण १,२००. उरले फक्त ३००! पहाटे बटाटे उकडण्यापासून रात्री कढई घासेपर्यंतची सगळी मजुरी त्यातच.

"बाई, पाऊस आला आणि २० वडे उरले तर?" एका मुलीनं विचारलं. करा पाहू गुणाकार. ८० गुणिले १५, म्हणजे १,२००. फायदा शून्य! दिवसाची सारी कमाई त्या शेवटच्या वीस वड्यांत असते, बरं का. म्हणूनच ताई गिऱ्हाईक पाहून एकेक घाणा काढते.

पण खरी गळती पुढेच होती. मालासाठी ताई रोज सकाळी एकाकडून ९०० रुपये घ्यायची आणि संध्याकाळी १,००० परत करायची. "शंभरच तर जास्त!" असं तिला वाटे. मुलांनी शंभराला तीसनं गुणलं. महिन्याचे ३,००० रुपये! शिवाय ते ९०० कधीच तिचे होत नव्हते. हातात काही उरेना, मदतनीस परवडेना, म्हणून सातवीतल्या थोरलीला शाळेतून काढून गाडीवर उभं करायचं घरात ठरत होतं.

फेरीवाल्यांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये 'पीएम स्वनिधी' योजना सुरू केली. तिच्यात बँक तारण न मागता कर्ज देते. वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजात ७ टक्क्यांची सवलत मिळते. पहिलं कर्ज तेव्हा १०,००० रुपयांपर्यंत होतं; २०२५ मध्ये ते १५,००० झालं. ते फेडलं की पुढचं २५,००० आणि त्यानंतर ५०,००० रुपयांपर्यंत. ताईनं नगरपालिकेचे कागद जमवून पहिले १०,००० घेतले. महिन्याचा हप्ता नऊशेच्या आसपास. कुठे ३,००० आणि कुठे ९००! आणि वर्षभरात कर्ज फिटून भांडवल स्वतःचं झालं.

थोरली शाळेतच आहे. संध्याकाळी ती एक काम मात्र करते, चाळीस पानी वहीत रोजची जमा आणि खर्च लिहिते. त्या वहीमुळेच ताईला आता कळतं, की गल्ल्यातले सगळे पैसे आपले नसतात. उद्याचा पाव, तेल आणि बँकेचा हप्ता आधी बाजूला ठेवायचा आणि मगच घरखर्चाला हात लावायचा.

तुमच्या आई-बाबांचं दुकान असो, गाडी असो नाहीतर खानावळ, एक वही तुम्हीही धरा. बेरीज-वजाबाकी तर तुम्हाला येतेच की!