गाडीचा मूळ स्टिरिओ आणि वाढीव स्पीकर

गाडीसोबत कारखान्यातूनच येणाऱ्या म्युझिक सिस्टिमचे दोन भाग असतात: डॅशबोर्डमधले हेड युनिट आणि दारांत बसवलेले स्पीकर. अलीकडच्या गाड्यांत कंपन्या पहिल्या भागावर बराच खर्च करतात. मोठा पडदा, ब्लूटूथ, मोबाइलची जोडणी, मागचा कॅमेरा हे सगळे त्यात येते आणि शोरूममध्ये ते दाखवताही येते. स्पीकर जाळीमागे दडलेला असतो, त्यामुळे काटकसर तिथे होते. पातळ कागदी शंकू, लहान चुंबक, प्लॅस्टिकची फ्रेम आणि पुष्कळदा वरचे स्वर देणाऱ्या ट्वीटरऐवजी मधोमध चिकटवलेली कागदाचीच छोटी टोपी, असे त्याचे स्वरूप असते. खालच्या व्हेरिएंटमध्ये तर अनेकदा पुढच्याच दोन दारांत स्पीकर येतात. हेड युनिट बदलायला गेले की स्टिअरिंगवरची बटणे, कॅमेरा आणि गाडीच्या इतर सेटिंग जुळवण्याचा खर्च वाढत जातो. म्हणून कमी पैशांत आवाज सुधारायचा असेल, तर हेड युनिट तसेच ठेवून स्पीकरकडे लक्ष देणे हा सर्वांत सरळ मार्ग ठरतो.

त्यासाठी आधी हेड युनिटची ताकद ओळखावी लागते. त्यावर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते, पण या आकड्याचा उगम साध्या गणितात आहे. इंजिन सुरू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. या आकड्याचा वर्ग करून तो स्पीकरच्या ४ ओहम रोधाने भागला की सुमारे ५२ वॅट येतात. हा लहरीच्या टोकाचा, तोही कोणतीही गळती न धरता काढलेला आकडा झाला. शुद्ध स्वराच्या लहरीसाठी तो निम्मा, म्हणजे सुमारे २६ वॅट होतो आणि आतल्या चिपमधले नुकसान वजा जाता स्वच्छ आवाजासाठी प्रत्येक चॅनेलला १८ ते २० वॅट उरतात. त्यापुढे आवाज वाढवला की लहरींची टोके छाटली जातात आणि आवाज फाटतो. अशा छाटलेल्या आवाजात वरच्या स्वरांचे प्रमाण अनैसर्गिक वाढते. फुल व्हॉल्यूमला ट्वीटर जळतात त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

ताकद इतकी मर्यादित असल्यावर स्पीकर निवडताना खोक्यावरच्या वॅटपेक्षा त्याची संवेदनशीलता महत्त्वाची ठरते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘३०० वॅट मॅक्स’ म्हणजे स्पीकर क्षणभर सहन करू शकेल तो भार. त्यावरून तो किती मोठा वाजेल हे कळत नाही. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ती संवेदनशीलता. डेसिबलच्या मापात ३ ची वाढ म्हणजे दुप्पट ताकद. त्यामुळे ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढे वाजायला ८७ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात आणि तेवढे मूळ हेड युनिटजवळ नसतात. इथे एक बारकावा आहे. काही कंपन्या हे माप एक वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर देतात. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की प्रत्यक्षात २ वॅट जातात, म्हणजे आकडा ३ डेसिबलने फुगतो. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींची मापे एकाच पद्धतीची आहेत ना, हे पाहावे.

बाजारात स्पीकरचे दोन प्रकार मुख्य आहेत. कोअ‍ॅक्सियलमध्ये खालचे स्वर देणाऱ्या वूफरच्या मध्यावरच ट्वीटर बसवलेला असतो. तो मूळ स्पीकरच्या जागी सरळ बसतो आणि स्वस्त पडतो. कॉम्पोनंट सेटमध्ये वूफर, ट्वीटर आणि दोघांना आपापले स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर वेगवेगळे असतात. वूफर दारात खाली आणि ट्वीटर वर, आरशाजवळच्या तिकोनी पट्टीत किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसवता येतो. वरचे स्वर सरळ रेषेत जातात. पायांजवळच्या स्पीकरमधून निघालेले हे स्वर गुडघे, सीट आणि कापड यांत शोषले जातात. ट्वीटर कानाच्या पातळीजवळ आला की गायकाचा आवाज समोरून येऊ लागतो.

मूळ स्पीकर काढायचे नसतील, तर नुसते ट्वीटर जोडणे ही सर्वांत स्वस्त भर आहे. तो मूळ स्पीकरच्याच तारांना समांतर जोडतात, पण त्याच्या धन तारेत कपॅसिटर असावाच लागतो. ४ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की तो साधारण ८,५०० हर्ट्झच्या वर काम करतो. १० मायक्रोफॅरडचा लावला तर सुमारे ४,००० हर्ट्झपासून. मूळ स्पीकर मधले स्वर बरे देत असेल, तर लहान कपॅसिटर पुरतो. कपॅसिटर नॉन-पोलर जातीचा घ्यावा. अशी जोडणी हेड युनिटला जड जात नाही, कारण खालच्या स्वरांना कपॅसिटर अडवतो आणि वरच्या स्वरांना वूफरच्या कॉइलचा विरोध मुळातच वाढलेला असतो.

पूर्ण आवाजाचे दोन स्पीकर एकाच चॅनेलवर समांतर जोडणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रोध २ ओहम होतो, हेड युनिटमधून दुप्पट प्रवाह ओढला जातो, चिप तापते आणि गाणे मध्येच बंद पडू लागते. मालिकेत जोडले तर रोध ८ ओहम होऊन एकूण ताकद निम्मी होते. वाढीव स्पीकरांसाठी म्हणूनच मोकळे चॅनेल शोधावेत. अनेक हेड युनिट चार चॅनेलची असतात आणि मागच्या दोन चॅनेलना काही जोडलेलेच नसते. मागच्या दारांपर्यंत वायरिंग आलेले असेल, तर काम एका तासाचे. पूर्वी डिकीवरच्या पार्सल ट्रेवर सुट्ट्या पेट्या ठेवण्याची पद्धत होती. ती आता सोडून द्यावी. जोराचा ब्रेक लागला की घट्ट न बसवलेली पेटी प्रवाशांच्या डोक्यावर येते आणि एरवीही मागची काच झाकते.

स्पीकर कितीही चांगला असला, तरी तो वाजतो दारात आणि स्वस्त सुधारणेतले सर्वांत दुर्लक्षित काम तिथेच असते. शंकू पुढे जातो तेव्हा मागची हवा उलट दिशेने हलते. १०० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. तिच्यापुढे दार लहानच, म्हणून दाराच्या आतल्या पत्र्यातल्या भोकांतून मागची लहर सहज पुढे येते आणि पुढच्या लहरीला मारते. बेस नाहीसा होतो तो असा. म्हणून दाराचीच स्पीकरसाठी पेटी करावी लागते.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक काढून काही मिनिटे थांबावे, कारण काही गाड्यांत बाजूच्या धडकेचे सेन्सर दारातच असतात आणि पिलरच्या आच्छादनामागे पडदा एअरबॅग असते. त्याच कारणाने अशा पिलरवर ट्वीटर बसवू नये. हँडलच्या वाटीतले आणि आर्मरेस्टखालचे स्क्रू काढून प्लॅस्टिकच्या पट्टीने खालच्या कडेपासून क्लिपा सोडवल्या की दाराचे आतले पॅड वर उचलून निघते. आत पत्र्यावर काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लॅस्टिकचा कागद दिसतो. तो पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून असतो. घाईत तो फाडून तसाच सोडला, तर पहिल्याच पावसाळ्यात पायाखालचे कार्पेट भिजते.

नवा स्पीकर बसवण्याआधी काच पूर्ण खाली करून चुंबकाच्या मागे किती जागा उरते ते मोजावे. ती कमी असेल, तर स्पीकरखाली रिंग लावून त्याला पुढे घ्यावे लागते. रिंग प्लॅस्टिकची किंवा रंग देऊन पाणी बंद केलेल्या प्लायची असावी. साधे एमडीएफ कोकण-मुंबईच्या पावसात फुगते आणि स्क्रू सैल होतात. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी द्यावी. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबर आणि ॲल्युमिनियमचा थर असलेली डॅम्पिंग शीट रोलरने दाबून चिकटवावी आणि आतल्या पत्र्याची मोठी भोकेही तिनेच बंद करावीत. स्वस्तातली डांबरी शीट उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत वास सोडते आणि सुटून येते. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके मात्र मोकळी राहिली पाहिजेत, नाहीतर दार आतून गंजते. काम नीट झाले की नाही, हे बोटाच्या पेरांनी पत्र्यावर ठोकून कळते: आधी ‘टण्ण’ वाजणारा पत्रा आता ‘ठप्’ वाजतो आणि दार लावतानाचा आवाजही भारदस्त होतो.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, मूळ तारा कापू नयेत. त्या त्या गाडीसाठी तयार कपलर मिळतात. त्यांनी जोडणी केली की वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना मूळ स्पीकर परत लावता येतात. दुसरी, स्पीकरची ऋण तार गाडीच्या पत्र्याला म्हणजे अर्थला कधीही जोडू नये. हेड युनिट स्पीकरच्या दोन्ही तारांवर आवाज पाठवते. त्यातली एक अर्थ झाली की चिप बंद पडते किंवा जळते. तिसरी, धन-ऋण टोके सर्व स्पीकरांना सारखीच जोडलेली असावीत. एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला, तर एक शंकू पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि बेस गायब होतो. टोके ओळखायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो: सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर लावले की शंकू बाहेर येतो. मल्टिमीटर असेल, तर जुन्या स्पीकरचा रोधही मोजून ठेवावा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो. काही महागड्या मूळ सिस्टिममध्ये तो २ ओहमच्या आसपास निघतो. तिथे बाजारातला साधा स्पीकर लावला, तर आवाज उलट कमी होतो.

बेसबद्दल अपेक्षा वास्तव ठेवलेली बरी. नीट बंद केलेल्या दारातला साडेसहा इंची स्पीकर तबल्याचा डग्गा आणि ढोलकीची धुम चांगली देतो, पण त्याखालचा खोल गुंजारव त्याच्या आवाक्याबाहेर असतो. तो भरून काढायला इक्वलायझरवर बेस वाढवण्याचा मोह होतो. ६ डेसिबल बेस वाढवणे म्हणजे त्या स्वरांसाठी चौपट ताकद मागणे. २० वॅटच्या हेड युनिटची मर्यादा मग ५ वॅटच्या पातळीवरच गाठली जाते आणि आवाज फाटू लागतो. खोल बेस हवाच असेल, तर सीटखाली मावणारा, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला चपटा सबवूफर घ्यावा. हाय-लेव्हल इनपुट असलेला सबवूफर मूळ स्पीकरच्या तारांवरूनच आवाज घेतो. त्याची विजेची तार सरळ बॅटरीपासून न्यावी आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज लावावा. फ्यूजशिवाय ओढलेली तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर गाडीला आग लागू शकते. अर्थसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट लावावा. अर्थ कच्चा असला की इंजिनाच्या वेगासोबत चढणारी शिट्टी गाण्यात ऐकू येते.

शेवटचे काम सेटिंगचे आणि ते फुकट होते. इक्वलायझर सपाट करून ओळखीचे गाणे लावावे. मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवून हेड युनिटचा वाढवत न्यावा आणि जिथे किंचित खरखर जाणवेल त्याच्या थोडे खालची पातळी ही आपली मर्यादा मानावी. सबवूफर असेल आणि हेड युनिटमध्ये फिल्टर असेल, तर दारांच्या स्पीकरांना ८० हर्ट्झच्या खालचे स्वर देऊ नयेत. मग ते स्पीकर मोकळे वाजतात. पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटून देणारा फेडर थोडा पुढे ठेवावा, म्हणजे मागचे स्पीकर भर घालतात पण गाणे पाठीमागून येत नाही. आणि ॲम्ब्युलन्सचा सायरन काच बंद असतानाही ऐकू येईल, याच्या वर आवाज नेऊ नये.

खर्चाचा क्रम यावरून ठरतो. आधी पुढच्या दारांसाठी चांगल्या संवेदनशीलतेची एक जोडी आणि त्याच दारांची डॅम्पिंग शीट. प्रसिद्ध कंपन्यांच्या कोअ‍ॅक्सियल जोड्या दोन-तीन हजार रुपयांपासून मिळतात. थोडे पैसे उरले तर कॉम्पोनंट सेट. मग गरज वाटली तर सबवूफर, आणि मागच्या दारांचे स्पीकर सर्वांत शेवटी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग, कपॅसिटर, तारा आणि मीटर मिळतात. फिटिंग दुसऱ्याकडून करून घेणार असाल, तर समोर उभे राहून करून घ्या आणि पॅड परत लागण्याआधी आतला प्लॅस्टिकचा कागद, रिंग आणि टोके स्वतः पाहा. पुढची एक चांगली जोडी, नीट बंद केलेली दोन दारे आणि बरोबर जुळवलेली टोके एवढे झाले की बहुतेकांना पुढचा खर्च करावासाच वाटत नाही.