समासातला शेरा

प्रादेशिकतेवरील शोधनिबंधात एम. ए.च्या एका विद्यार्थ्याने युरोपातील आरंभीच्या स्वरप्रधान टेक्नो संगीताचा दाखला दिला होता. ‘शब्दच जवळजवळ नाहीत, तिथे प्रदेश कोठून येणार?’ असा शेरा आम्ही लाल शाईने मारला आणि गुण कापले. रचना ऐकण्याची तसदी मात्र घेतली नाही. ऐकल्या त्या बऱ्याच वर्षांनी.

त्यांतली एक मानुएल ग्योत्शिंगची. बर्लिनच्या या गिटारवादकाने १९८१च्या डिसेंबरात आपल्या स्टुडिओत, एकाच बैठकीत, जवळजवळ तासाभराची ‘ई२-ई४’ ध्वनिमुद्रित केली. प्रसिद्ध झाली १९८४ साली. नाव बुद्धिबळातल्या पहिल्या चालीचे. दोन स्वरसंघ आलटूनपालटून येत राहतात, त्यांवर बारीक आकृती उमलतात, आणि गिटार प्रवेश करते ती उत्तरार्धात. विलंबित ख्यालाला सरावलेल्या कानाला हा धीर परका वाटत नाही. १९८९मध्ये इटलीत तिच्यावरून ‘सुएन्यो लातिनो’ घडली. तीत पक्ष्यांचे आवाज आले, एका स्त्रीचे कुजबुजते स्पॅनिश बोल आले. १९९२ साली तिला नवे रूप दिले डेट्रॉइटच्या डेरिक मेने, आणि डेट्रॉइटची ती पिढी तर ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्कवर पोसलेली! वर्गात ‘प्रभाव’ शिकवताना आम्ही फळ्यावर एकाच दिशेचा बाण काढत आलो आहोत.

बेल्जियममधील गेंटचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. बेल्जियमचा स्वतःचा ‘न्यू बीट’ संथ, जड पावलांचा. पण गेंटच्याच ‘आर अँड एस’ या संस्थेने १९९२मध्ये फ्रँकफुर्टच्या जॅम अँड स्पून या जोडीची ‘स्टेला’ काढली, आणि तिच्या ‘अपोलो’ शाखेने कॉर्नवॉलमध्ये वाढलेल्या एफेक्स ट्विनचा संग्रह. ‘स्टेला’ भावुक आणि (आमच्या मते) किंचित अतिगोड. एफेक्स ट्विनचे सूर धूसर, खोलीत एकट्याने ऐकावेत असे. बर्लिनच्या ‘ट्रेझर’मध्ये, एका जुन्या मोठ्या दुकानाच्या तळघरातील तिजोरीखान्यात, १९९१ ते २००५ या काळात घुमलेले करकरीत नाद आणखी निराळे. शहरे कानाला वेगवेगळी ओळखू येतात, हे खरेच. मात्र गेंटचा शिक्का असलेल्या त्या दोन ध्वनिमुद्रिकांना बेल्जियन म्हणावे काय?

किराणा गाव उत्तरेतले. अब्दुल करीम खाँ स्थिरावले मिरजेत. त्या गायकीला गावाचे नाव लावताना आम्हांला कधी अडचण वाटली नव्हती.

तो निबंध विभागाच्या कपाटात अजून आहे. परवा काढून पाहिला. तिसऱ्या पानावर किराणा आणि मिरज ही दोन्ही नावे आहेत. आमचा शेरा पहिल्याच पानावर आहे.